मोटारसायकलीचा पुढील चिमटा व ब्रेक-प्रेरणा

मोटारसायकलीचे पुढील चाक ज्या दोन समांतर नळ्यांच्या जोडीत बसविलेले असते व जिच्यामार्फत ते सांगाड्याला जोडले जाते, त्या जोडीस पुढील चिमटा म्हणतात. सायकलीच्या चिमट्याचे काम चाक धरून ठेवणे व ते वळविणे एवढेच असते. मोटारसायकलीच्या चिमट्यावर याखेरीज दोन कामे येऊन पडली आहेत : खड्ड्यांचे धक्के सोसण्यासाठी लांबीच्या दिशेने आखूड-लांब होणे आणि ब्रेक लावल्यावर चाकाला मागे खेचणारी प्रेरणा सांगाड्यापर्यंत पोहोचविणे. यांतील शेवटची दोन कामे परस्परांना बाधक आहेत. जी नळी दुसऱ्या नळीत सहजपणे सरकावयास हवी, तीच ब्रेकच्या प्रेरणेने वाकविली जाते आणि वाकलेली नळी नीट सरकत नाही. चिमट्याच्या रचनेत गेल्या नव्वद वर्षांत झालेले बहुतेक बदल या एका अडचणीतून उद्‌भवलेले आहेत.

रचना : सर्वत्र प्रचारात असलेला प्रकार म्हणजे दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकीत एक सरकणाऱ्या नळ्यांचा टेलिस्कोपिक चिमटा. डेन्मार्कच्या निंबस मोटारसायकलीवर तो १९३४ मध्ये आला आणि तेलाच्या साहाय्याने संदमन करणारा चिमटा जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ मध्ये आर १२ व आर १७ या गाड्यांवर बसविला. भारतात बोलीभाषेत याच भागाला ‘पुढचे शॉकॲब्सॉर्बर’ म्हणतात. प्रत्येक पायात पोलादी नळी, तीवरून सरकणारी ॲल्युमिनियम मिश्रधातूची बाह्य नळी, आत स्प्रिंग, तेल व झडपा असतात. दोन नळ्यांमध्ये दोन बुश असतात आणि नळ्या एकमेकींना केवळ या दोन ठिकाणी टेकतात. पोलादी नळ्यांची वरची टोके दोन आडव्या जोडांत आवळलेली असतात. या जोडांमधून जाणारा दांडा सांगाड्याच्या तोंडाशी असलेल्या धारव्यांत, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कोनसेटमध्ये फिरतो. हा दांडा उभ्या रेषेपासून सामान्यतः २४° ते २८° मागे कललेला असतो. त्याची रेषा खाली वाढविली, तर ती चाक जमिनीला जेथे टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधील अंतरास ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळे चाक फिरत्या खुर्चीच्या चाकाप्रमाणे आपोआप सरळ होऊ पाहते. ते सु. १०० मिमी. असते, फार कमी झाल्यास गाडी अस्थिर होते व फार वाढल्यास वळविण्यास जड जाते.

ब्रेक लावल्यावर निर्माण होणाऱ्या प्रेरणा : एका ठोकळ उदाहरणाने त्यांची कल्पना येते. गाडी व चालक यांचे मिळून वस्तुमान २४० किग्रॅ., गुरुत्वमध्याची उंची ०·६ मी. आणि दोन चाकांच्या आसांमधील अंतर १·४ मी. आहे व वजन दोन्ही चाकांवर समान वाटलेले आहे, असे मानू. गाडी उभी असताना प्रत्येक चाकावर सु. १,१७६ न्यूटन भार येईल. कोरड्या डांबरी रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्याने दर सेकंदास ७ मी. प्रतिसेकंद इतक्या मंदनाने वेग कमी होत असेल, तर त्यासाठी १,६८० न्यूटन प्रेरणा लागते. ही प्रेरणा जमिनीच्या पातळीवर, तर निरूढीचा परिणाम गुरुत्वमध्याच्या उंचीवर होत असल्याने गाडी पुढे कलंडू पाहते आणि ७२० न्यूटन भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर जातो. पुढील चाकावरील भार सु. १,९०० न्यूटन होतो व मागील चाकावर जेमतेम ४६० न्यूटन उरतो. दोन्ही टायर सारख्याच प्रमाणात पकडीचा उपयोग करीत असतील, तर १,६८० पैकी सु. १,३५० न्यूटन ब्रेक-प्रेरणा एकट्या पुढच्या चाकावर येते. पुढचा ब्रेक धोकादायक म्हणून तो वापरू नये, हा समज किती चुकीचा आहे हे या आकड्यांवरून दिसते. थांबण्याच्या कामाचा चार पंचमांश भाग तोच करतो. घाट उतरताना तर उतारामुळेच काही भार आधीच पुढे आलेला असतो.

आता चिमट्याचा विचार करू. चिमटा पुढे कललेला असल्यामुळे जमिनीकडून वर येणारा भार त्याला केवळ दाबीत नाही, तर पुढच्या दिशेने वाकवितोही. खालचा आडवा जोड जमिनीपासून ०·७ मी. उंचीवर व चाकाच्या टेकणबिंदूच्या ०·२ मी. मागे आहे असे धरल्यास, उभ्या गाडीत त्या जोडापाशी सु. २३५ न्यूटन-मीटर इतके नमन परिबल पुढच्या दिशेने असते. ब्रेक लावताच उभा भार वाढून हे परिबल ३८० पर्यंत जाते; पण त्याच वेळी ब्रेक-प्रेरणेचे सु. ९५० न्यूटन-मीटर परिबल उलट दिशेने लागू होते. परिणामी निव्वळ परिबल सु. ५७० न्यूटन-मीटर होते व तेही मागच्या दिशेने. म्हणजे ब्रेक लावल्याने चिमट्यातील नमन नुसते वाढत नाही, तर त्याची दिशाच उलटते. पुढे वाकलेला चिमटा सरळ होऊन मागे वाकतो आणि बुशांमधील सूक्ष्म फटीही एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातात. ब्रेक पकडताच मुठीत जाणवणारा ‘टक्‌’ असा बारीक धक्का, कोनसेट घट्ट असूनही, पुष्कळदा यामुळेच येतो.

नळीचा व्यास व ताठरता : या परिबलाने चाकाचा आस काही मिलिमीटर मागे सरकतो. किती, हे मुख्यतः नळीच्या व्यासावर अवलंबून असते. भिंतीची जाडी तीच ठेवली, तर पातळ नळीची नमनविरोधी ताठरता व्यासाच्या सुमारे घनाच्या प्रमाणात वाढते, वजन मात्र व्यासाच्याच प्रमाणात वाढते. रॉयल एन्फील्डच्या जुन्या ३५० बुलेटच्या नळ्यांचा व्यास ३५ मिमी. होता, त्याच कंपनीच्या २०२१ मधील क्लासिक ३५० गाडीत तो ४१ मिमी. आहे. जाडी समान मानल्यास वजनात सु. १७ टक्के, तर ताठरतेत सु. ६० टक्के भर पडते. हा बदल दिखाऊ नव्हे. मधल्या काळात ढोल ब्रेकच्या जागी चकती ब्रेक आले, टायरांची पकड सुधारली व चिमट्यावरील परिबल वाढत गेले. होंडा कंपनीच्या १९६९ मधील सीबी ७५० या गाडीने तेलदाबावर चालणारा पुढील चकती ब्रेक मोठ्या प्रमाणावर प्रचारात आणला. त्यानंतरच्या दोन दशकांत ब्रेकच्या मानाने चिमटे दुबळे ठरल्याच्या तक्रारी वारंवार होऊ लागल्या आणि नळ्या जाड होत गेल्या.

नळ्या उलट्या बसविणे हा आणखी एक उपाय होय. यात जाड बाह्य नळी वर, आडव्या जोडांत आवळलेली असते व बारीक पोलादी नळी खाली, चाकाकडे असते. नमन परिबल खालच्या आडव्या जोडापाशी सर्वाधिक असते. नेमक्या त्याच ठिकाणी जाड नळी आल्याने ताठरता वाढते. शिवाय दोन बुशांमधील अंतरही अधिक ठेवता येते. १९८० च्या दशकात शर्यतींच्या गाड्यांवर रुळलेली ही रचना पुढे सर्वसाधारण गाड्यांवरही आली. पुण्याजवळच्या चाकण येथील बजाज ऑटोच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूक या गाडीवर २०१३ पासून असा ४३ मिमी. व्यासाचा उलटा चिमटा आहे. या रचनेत दोन उणिवा आहेत. ऑइल सील खालच्या टोकाला असल्याने ते फुटल्यास तेल गळून थेट ब्रेकवर येण्याचा संभव असतो. दुसरे म्हणजे, दोन पायांना चाकाच्या वर जोडणारी कमान येथे बसविता येत नाही. त्यामुळे पाय एकमेकांच्या मागेपुढे होऊ नयेत ही जबाबदारी चाकाच्या आसावर पडते व तो पोकळ पण बराच जाड करावा लागतो.

अडकणे : चिमटा काही मिलिमीटर वाकल्याने चालकाचे थेट असे फारसे बिघडत नाही. खरे नुकसान सरकण्याच्या क्रियेत होते. वाकविणारे परिबल एका नळीतून दुसरीत फक्त दोन बुशांमार्फत जाते. ते बुशांपाशी ४५० न्यूटन-मीटर आणि बुशांमधील अंतर १५० मिमी. मानल्यास, दोन्ही पाय मिळून वरच्या बुशांवर ३,००० व खालच्या बुशांवर सुमारे तेवढीच आडवी प्रेरणा येते. घर्षण गुणांक केवळ ०·०५ धरला, तरी घर्षण ३०० न्यूटन होते. जमिनीकडून येणारी प्रेरणा या मर्यादेपेक्षा अधिक बदलेपर्यंत चिमटा जागचा हलत नाही. रस्त्यावरील बारीक उंचवटे तेवढा बदल घडवीत नाहीत. अशा वेळी स्प्रिंग असूनही नसल्यासारखी होते, उंचवट्यावरून चाक उडते आणि टायरची पकड क्षणभर सुटते. हे नेमके तेव्हा घडते, जेव्हा पकडीची गरज सर्वाधिक असते. खडबडीत रस्त्यावर जोरात ब्रेक लावला असता पुढील चाक घसरते किंवा कुलूपबंद होते, त्याचे एक कारण यात आहे. नळीवर कठीण क्रोमियमचा गुळगुळीत मुलामा, बुशांवर टेफ्लॉनचा थर व महागड्या गाड्यांत नळीवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप देतात, तो हे घर्षण कमी करण्यासाठीच.

चाक कुलूपबंद होणे टाळणारी एबीएस ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मोटारसायकलीवर प्रथम बीएमडब्ल्यूने १९८८ मध्ये के १०० गाडीवर आणली. भारतात १२५ घ. सेंमी.हून मोठ्या एंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींना ती एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. ही यंत्रणा ब्रेकचा दाब सेकंदास अनेक वेळा सोडते व पुन्हा लावते. तिने जीव वाचतात हे निर्विवाद आहे. तथापि प्रत्येक सोडण्या-लावण्याबरोबर चिमटा पुढेमागे वाकतो, त्यामुळे सैल झालेले बुश व कोनसेट अशा गाडीत लवकर लक्षात येतात.

दबणे व वळणे : ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाते, ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट आहे. भार पुढे गेल्याने स्प्रिंग दबते. शिवाय चिमटा तिरपा असल्यामुळे ब्रेक-प्रेरणेचा एक घटकही त्याला त्याच्या लांबीच्या दिशेने दाबतो. पुढचा भाग ५० मिमी. खाली गेला व मागचा सु. २३ मिमी. वर उचलला गेला, तर संपूर्ण गाडी सु. ३° पुढे झुकते. २६° असलेला सुकाणूचा कल २३° होतो व ट्रेल सु. ९६ मिमी.वरून ७८ मिमी.वर येते. नमनामुळे आस मागे सरकल्याने ट्रेल वाढते खरी, पण ती केवळ तीन-चार मिलिमीटरांनी. म्हणून भूमितीच्या दृष्टीने दबण्याचा परिणाम नमनाच्या कितीतरी पट मोठा आहे. ट्रेल कमी झाल्याने गाडी चटकन वळू लागते. निष्णात चालक वळणाच्या तोंडापर्यंत ब्रेक धरून ठेवतात व तो हळूहळू सोडीत गाडी आत घालतात, त्यामागे हेही एक कारण आहे. हीच गोष्ट सरळ रस्त्यावर, अचानक ब्रेक लावण्याच्या प्रसंगी, गाडीला चंचल बनविते.

दबणे बंदच करावे म्हणून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी होंडा, सुझुकी, यामाहा व कावासाकी या चारही जपानी कंपन्यांनी ब्रेक लावताच तेलाची वाट अरुंद करणाऱ्या झडपा चिमट्यात बसविल्या. कल्पना आकर्षक होती, परंतु संदमन वाढविल्याने चिमटा दबण्याचा वेग तेवढा मंदावत असे आणि त्याबरोबर उंचवटे सोसण्याची त्याची शक्तीही जाई. अडकण्याचा जो दोष घर्षणाने येतो, तोच येथे झडपेने मुद्दाम आणल्यासारखे झाले. ते दशक संपण्याच्या सुमारास या झडपा मागे पडल्या.

पिळणे : चकती एकाच बाजूला असेल, तर ब्रेकचे परिबल त्या बाजूच्या पायालाच प्रथम सोसावे लागते. तो पाय दुसऱ्यापेक्षा अधिक वाकतो, चाक किंचित तिरके होते आणि गाडी एका बाजूला ओढल्यासारखी वाटते. ढोल ब्रेकची पाटी एका पायाला अडकविलेली असते, तेव्हाही हेच घडते. वरची कमान, जाड आस व दोन्ही बाजूंना चकत्या हे यावरचे उपाय होत. तथापि कमी वजनाच्या गाडीला दुसरी चकती म्हणजे किंमत व न उचललेले वजन यांचा भुर्दंडच होतो.

कंपने : चिमटा व चाक मिळून पुढेमागे हलणारी एक स्प्रिंगच असते व तिला स्वतःची स्वाभाविक कंप्रता असते. ब्रेकच्या चकतीची जाडी सर्वत्र सारखी नसेल किंवा ढोल अंडाकृती झाला असेल, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ब्रेक-प्रेरणा एकदा वाढते व कमी होते. सु. १·९५ मी. परिघाचे चाक ताशी १०० किमी. वेगाला सेकंदात १४ फेरे करते. वेग कमी होत असताना फेऱ्यांची ही कंप्रता चिमट्याच्या कंप्रतेशी जुळली की अनुस्पंदन होते, मुठी थरथरू लागतात आणि वेग आणखी उतरताच थरथर आपोआप थांबते. ठराविक वेगालाच गाडी थरथरते, या तक्रारीचे मूळ असे असते. शर्यतीच्या गाड्यांत वळणाच्या तोंडाशी, ब्रेक सोडता सोडता, सेकंदास सु. १७ ते २२ कंपने असलेली वेगळीच थरथर आढळते. इटलीतील पादुआ विद्यापीठात व्हित्तोरे कोसालतेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलीच्या गतिकीबरोबर या प्रकाराचाही अभ्यास केला आहे.

यावरून चिमटा जितका ताठर तितका चांगला, असे वाटण्याचा संभव आहे. पण ते बरोबर नाही. इंग्लंडमध्ये आर. एस. शार्प यांनी १९७१ मध्ये मोटारसायकलीच्या स्थैर्याचे जे गणिती विवेचन केले, त्यात चिमटा पूर्णतः ताठर मानला होता. त्या गणितानुसार सुकाणूचे जलद डोलणे अतिवेगात सर्वाधिक धोकादायक ठरत होते. अनुभव मात्र असा, की हे डोलणे मध्यम वेगातच अधिक त्रास देते. पुढील काळात चिमट्याची आडवी लवचिकता गणितात धरल्यावर हा विरोध मिटला. शिवाय गाडी वळणावर ६०° पर्यंत कलते, तेव्हा रस्त्याचा उंचवटा चिमट्याला लांबीच्या दिशेने न दाबता जवळजवळ आडवा ढकलतो. त्या स्थितीत स्प्रिंग निरुपयोगी ठरते व धक्का सोसण्याचे काम नळ्यांचे वाकणेच करते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांचे रचनाकार चिमटा पुढेमागे ताठर, पण आडव्या दिशेने काहीसा लवचिक ठेवण्याचा प्रयत्न करतात. गोल नळीत हे साधणे सोपे नाही. आडव्या जोडांची जाडी व आसाचा व्यास बदलून ते थोडेफार साधले जाते.

अन्य रचना : ब्रेकची प्रेरणा सरकणाऱ्या नळ्यांवर येऊच द्यावयाची नाही, हा मूलगामी उपाय होय. ब्रिटिश रचनाकार एर्नी अर्ल्झ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिमट्यात चाक पुढे झेपावणाऱ्या एका लांब भुजेवर असते. बीएमडब्ल्यूने तो १९५५ ते १९६९ या काळात वापरला. त्यात ब्रेकचे परिबल भुजेला खाली दाबते व जोरात ब्रेक लावल्यास नाक दबण्याऐवजी उलट वर येते. व्हेस्पा व तिच्या धर्तीवरील, १९७२ पासून काही दशके बनविल्या गेलेल्या जुन्या बजाज चेतक स्कूटरमध्ये भुजा मागे वळलेली असल्याने परिणाम नेमका विरुद्ध, म्हणजे नाक अधिकच दबण्याकडे होतो. बीएमडब्ल्यूच्या १९९३ मधील आर ११०० आरएस गाडीवर आलेल्या टेलेलिव्हर रचनेत सरकत्या नळ्या राहतात. मात्र ब्रेकची प्रेरणा बहुतांशी एंजिनाला जोडलेली त्रिकोणी भुजा घेते. नॉर्मन हॉसॅक यांच्या कल्पनेवर आधारलेली दोन भुजांची ड्युओलिव्हर रचना २००४ मध्ये के १२०० एस गाडीवर आली. चिमटाच काढून टाकून चाकाच्या तुंब्यातून सुकाणू फिरविण्याचे प्रयोगही बिमोता टेसी (१९९०) व यामाहा जीटीएस १००० (१९९३) या गाड्यांत झाले.

तत्त्वतः या सर्व रचना साध्या चिमट्यापेक्षा सरस आहेत. तरीही तो टिकून आहे. त्याचे भाग थोडे, किंमत कमी व दुरुस्ती कोठेही होण्याजोगी असते. दुसरे कारण चालकाच्या सवयीचे आहे. नाक किती दबले यावरून टायरवर किती भार आला, याचा अंदाज चालक नकळत बांधीत असतो. ज्या गाडीचे नाक दबत नाही, तीवर हा संकेत मिळत नाही व ब्रेकची मर्यादा कोठे आहे हे उमगत नाही, असे अनेकांना वाटते.

निगा : चिमट्याची स्थिती ब्रेकच्या साहाय्यानेच तपासता येते. उभ्या गाडीचा पुढचा ब्रेक धरून गाडी पुढेमागे हलविली असता खटका लागला, तर कोनसेट सैल किंवा बुश झिजलेले असतात. आडव्या जोडाच्या सांध्यावर बोट ठेवल्यास दोहोंतील कोणते ते कळते. चाक बसविताना आस आवळल्यावर, पण पायाच्या टोकाची पकड आवळण्यापूर्वी चिमटा दोन-चार वेळा दाबून सोडावा, म्हणजे दोन्ही पाय एकमेकांस समांतर बसतात. एरवी ते कायमचे ताणलेले राहून घर्षण वाढते. तेल जुने झाले किंवा दोन पायांत कमी-अधिक भरले, तरी ब्रेक लावताना गाडी एकीकडे झुकल्यासारखी वागते. अपघातात वाकलेल्या नळ्या दाबयंत्रावर सरळ करून पुन्हा वापरण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. नळी डोळ्यांना सरळ दिसली, तरी वाकलेल्या जागी क्रोमियमच्या थराला सूक्ष्म तडे गेलेले असतात आणि धातू एकदा कायमचा वाकून पुन्हा उलटा वाकविलेला असतो. ब्रेकच्या प्रत्येक वापरात नमनाची दिशा उलटत असल्याने शिणवट्यामुळे तडा जाण्यास अशी जागा विशेष पात्र असते. म्हणून खालच्या आडव्या जोडाजवळ वाकलेली नळी सरळ न करता बदलणे आवश्यक ठरते.